हिरवी वही, पिवळी वही

जानेवारी २००२. चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत आले होते आणि नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय हॉटेलात त्यांचा कार्यक्रम चालू होता. बाहेर, त्याच इमारतीला बांधलेल्या परांचीवरून एक सडपातळ तरुण मजल्यामागून मजला चढत गेला आणि वर पोचल्यावर त्याने तिबेटचा झेंडा आणि स्वातंत्र्याची मागणी करणारा फलक उलगडला. हा तेन्झिन त्सुंदुए. मुंबई विद्यापीठात एम.ए. केलेला कवी. पहिला कवितासंग्रह त्याने इथल्याच वर्गमित्रांकडून उसने पैसे घेऊन छापला होता. हिमाचलात रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या तिबेटी मजुरांचा हा मुलगा. तिबेट त्याने पाहिलं ते एकदाच. १९९७ मध्ये तो लडाखच्या बाजूने एकटा चालत सीमेपार गेला, पकडला गेला आणि ल्हासाचा तुरुंग भोगून तीन महिन्यांनी भारतात परतला.

ज्या शब्दासाठी हे सारं चाललं, तो शब्द आहे 'रांगझेन'. रांग म्हणजे स्वतः. आपल्यावर आपलीच सत्ता, असा त्याचा सरळ अर्थ. भारतातल्या तिबेटी वसाहतींत मूल हा शब्द शाळेत जायच्या आधी ऐकतं. दर १० मार्चला, म्हणजे १९५९ च्या ल्हासातल्या उठावाच्या दिवशी, धरमशालेच्या मॅक्लोडगंजमधून मोर्चा निघतो, तेव्हा आईबापांचं बोट धरून ते याच घोषणा देतं.

मोठं झाल्यावर त्याच्या हाती कागद येतात, आणि गुंता तिथे सुरू होतो.

पहिला कागद 'आरसी', परकीय नागरिक म्हणून केलेली नोंद. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कर्नाटकातल्या बैलकुप्पे वसाहतीत जन्मलेली, कन्नड बोलणारी, क्रिकेटसाठी जीव टाकणारी मुलगीही कागदोपत्री परदेशीच. आरसीची मुदत संपत आली की नूतनीकरणाची धावपळ. सरकारी नोकरी नाही, जमीन सहजी नावावर होत नाही. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी 'आयसी', म्हणजे पिवळ्या वेष्टनाचं ओळखपत्र, आणि देशाबाहेर पडायला वेगळी परवानगी. विमानतळावर पिवळी वही पाहून अधिकारी गोंधळला, रांग खोळंबली आणि आपण बाजूला उभे राहिलो, हा अनुभव कितीतरी तिबेटी तरुणांच्या बोलण्यात येतो.

आणखी एक वही असते, हिरवी. ती धरमशालेचं तिबेटी प्रशासन देतं. तिच्यात दरवर्षीच्या ऐच्छिक वर्गणीची नोंद होते आणि निर्वासित संसदेसाठी मत द्यायला तीच लागते. जगातला कोणताही देश तिच्यावर शिक्का मारत नाही. पण लोक तिला 'रांगझेन लाग्तेब', म्हणजे स्वातंत्र्याची वही, म्हणतात.

या तरुणांच्या आजी-आजोबांची गोष्ट निराळी होती. १७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या रस्त्यांच्या छावण्यांतून ५१ मुलं धरमशालेत आली. आजारी, अर्धपोटी. दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांना सांभाळलं आणि त्यातून 'तिबेटन चिल्ड्रेन्स व्हिलेज' ही संस्था उभी राहिली. पुढे तिबेटमधले आईबाप पोटची मुलं वाटाड्यांच्या हवाली करून हिमालयापार धाडू लागले, ती मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून. त्यांतल्या अनेकांची आईवडिलांशी पुन्हा भेट झाली नाही. ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला खिंडीत चिनी सैनिकांनी अशाच एका तांड्यावर गोळ्या झाडल्या. त्यात केलसांग नामत्सो ही १७ वर्षांची भिक्षुणी बर्फातच गेली. गिर्यारोहकांनी ते चित्रित केलं, म्हणून जगाला कळलं. २००८ नंतर पहारा इतका वाढला की त्या वाटेने येणारी मुलं जवळजवळ थांबलीच.

आपल्याकडेही ही माणसं आहेत. दिवाळी सरता सरता गावोगाव मैदानात कनातींची दुकानं लागतात आणि आपण 'तिबेटी मार्केट'मध्ये स्वेटर घ्यायला जातो. माल बहुतेक लुधियानाचा असतो. विकणाऱ्यांची मुलं त्या महिन्यांत पुष्कळदा वसतिगृहात किंवा आजीकडे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून 'नोर्ग्येलिंग' ही तिबेटी वसाहत आहे. झाडीपट्टीत धान पिकवणारे तिबेटी! तिथली तरुण मुलंही इतर वसाहतींतल्यासारखी शहरांकडे, जमलं तर परदेशाकडे निघतात. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक हजार तिबेटींना व्हिसा दिले, तेव्हापासून ही वाट रुळली आहे.

मग भारताचं नागरिकत्व का घेत नाहीत? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतःच भारतीय ठरते. १९८६ साली जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना तरीही पासपोर्ट नाकारला गेला. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०१० मध्ये जिंकल्या. इतरांना मात्र पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि २०१७ मध्ये सरकारने सर्व पासपोर्ट कार्यालयांना अशा तिबेटींना पासपोर्ट देण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी अटीही आल्या: आरसी-आयसी परत करा, वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा. म्हणजे पासपोर्ट हवा तर घर सोडायचं. १९८७ नंतर जन्मलेल्यांना तर आईबापांपैकी कुणी भारतीय असल्याचं सिद्ध करावं लागतं.

घराघरांत यावर वाद झडतात. आपण सगळेच भारतीय झालो तर तिबेटसाठी बोलायला उरणार कोण, हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं. त्यामागे साठ वर्षांचं दुःख आहे, ते हलकं मानता येणार नाही. पण बँकेचं कर्ज मागणाऱ्या, शिष्यवृत्तीसाठी विमान पकडू पाहणाऱ्या मुलीला 'तू निर्वासितच राहा, त्यातच आपलं देशप्रेम' असं सांगणं अन्यायाचं आहे. पिवळ्या वहीतून सुटणं म्हणजे हिरवी वही फेकून देणं नव्हे.

नामग्याल डोलकर यांचे वडील चिनी तुरुंगात वीस वर्षं होते. भारतीय नागरिक ठरल्यावर त्या तिबेटी राजकीय कैद्यांच्या 'गु-चु-सुम' या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२१ च्या निवडणुकीत धरमशालेच्या निर्वासित संसदेवर निवडून गेल्या.