पैठणीच्या पदरातला हंस

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. कारखान्यांच्या वस्तीमुळे हे गाव बहुतेकांना ठाऊक आहे. पुढे तासाभराच्या आत पैठण येते. सातवाहनांची ही राजधानी प्रतिष्ठान. युरोपातल्या राजवाड्यांतल्या भिंती ज्या विणीने सजल्या, तीच वीण इथल्या हातमागावर आजही चालू आहे.

त्या विणीला टॅपेस्ट्री म्हणतात. साध्या कापडात आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंतच जातो आणि तिथून मागे फिरतो. पैठणीच्या पदरात जरीच्या जमिनीवर रेशमी मोर, मुनिया आणि हंस असेच उतरतात. शेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत गुंतवलेले असतात, म्हणून अस्सल पदराच्या मागे लोंबते धागे दिसत नाहीत आणि नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच उमटते. हे काम फार सावकाश होते. भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात.

1500 च्या सुमारास युरोपात याच तंत्राने लोकर आणि रेशमाचे भले मोठे पडदे विणले गेले. त्यातले सर्वांत गाजलेले पडदे एकशिंगीचे, म्हणजे कपाळावर एकच लांब शिंग असलेल्या शुभ्र प्राण्याचे. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातल्या सात पडद्यांपैकी एकात तो झऱ्यात शिंग बुडवून विषारी पाणी शुद्ध करतो. आपला हंस दूध आणि पाणी वेगळे करतो. दोन्ही कल्पनांत पवित्र प्राण्याला पाण्याची पारख आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यातही मौज अशी की, इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास ग्रीक वैद्य क्टेसियस याने एका शिंगाच्या रानगाढवाचे वर्णन केले आणि त्याचे घर भारत असल्याचे लिहिले. त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायले की विष बाधत नाही, असेही तो सांगतो.

हे पडदे टिकले ते मात्र योगायोगाने. ला रोशफुको घराण्याच्या फ्रान्समधल्या वाड्यातून फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत न्यूयॉर्कचे सात पडदे लुटले गेले. पुढे ते बटाटे झाकायला वापरले जात. 1850 च्या दशकात ते पुन्हा सापडले. 1922 मध्ये अमेरिकी धनाढ्य जॉन रॉकफेलर धाकटे यांनी ते विकत घेतले आणि 1937 मध्ये संग्रहालयाला दिले. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातले एकशिंगीचेच सहा पडदे बुसाक गावच्या गढीत ओलीने खराब होत होते. 1841 मध्ये फ्रेंच लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी ते पाहिले, जॉर्ज सँड या लेखिकेने त्यांच्यावर लिहिले, आणि 1882 मध्ये ते संग्रहालयात पोहोचले. एकाने ओळखले, दुसरीने लिहिले, तिसऱ्याने पैसे मोजले, तेव्हा कुठे ते वाचले.

पैठणीला आश्रय मिळाला तो नेसणाऱ्यांचा. पेशव्यांच्या काळात इथल्या शेल्या-साड्यांना मागणी होती. हैदराबादच्या निजाम घराण्यातही हे कापड आवडीचे होते. निजामाच्या सूनबाई शहजादी निलोफर यांनी त्यात नव्या नक्षी आणल्या, असे सांगितले जाते. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहात जुनी वस्त्रेही आहेत. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

तरीही जुन्या पैठण्यांचे मोठे नुकसान आपल्याच घरांतून झाले. रेशीम विरले की जरीची साडी वितळवायला द्यायची आणि चांदी-सोन्याचे पैसे घ्यायचे, ही रीत घराघरांत होती. दोनशे वर्षांचा एखादा पदर काही मिनिटांत धातूचा गोळा होई. रॉकफेलरच्या तोडीचा पैसा आपल्याकडे नसेलही, पण असा पदर राखायला तो लागतही नाही. आजीची पैठणी स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. साडी नेसण्याजोगी उरली नसेल तरी ती जरीच्या खरेदीदाराला देऊ नका. आधी जवळच्या वस्तुसंग्रहालयात दाखवा, आणि ती कुणाची, कुठून आली, हेही तिथे लिहून द्या.