पासपोर्ट आधी, व्याकरण मागून

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी शोधायला बसलं की व्याकरणाच्या आधी पासपोर्टचं विचारतात. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी. चीनमधल्या जाहिरातींतही बहुधा हीच यादी. मी सांगलीत आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होते, एम.ए., बी.एड. झालेलं. पण या यादीपुढे त्या पदव्यांना कोण विचारतो? म्हणून मी थायलंडकडे वळले. तिथे आपल्यालाही वाव आहे. फक्त इंग्रजी येतं याचा पुरावा द्यावा लागतो. माझ्याकडे टोइक परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण मागितले होते.

इंग्रजी जन्मापासून बोलतो, हे भांडवल आपल्याकडे नाही. म्हणून शिकवता येतं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी केंब्रिजचा सेल्टा हा सर्वांत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांपैकी एक. त्याचं मूळ लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणात आहे. तो पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे लागतात, आणि त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं; मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. स्वस्तातली ऑनलाइन प्रमाणपत्रंही काही शाळांना चालतात, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत वर्गावर उभं राहावंच लागत नाही.

सेल्टात माझी एक जुनी सवय सुटली. ‘समजलं का?’ असं विचारलं की सांगलीचा अख्खा वर्ग ‘हो बाई!’ म्हणून ओरडायचा. त्या ओरडण्यावरून काहीच कळत नाही. आता थायलंडमधल्या कोराट शहरात ‘आय यूज्ड टू लिव्ह इन कोराट’ हे वाक्य शिकवलं की मी विचारते, ‘बोलणारा आता कोराटला राहतो का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तरच पुढे जायचं. व्हिडिओवरच्या मुलाखतीत दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात, तेव्हा नेमकं हेच पाहतात.

कागदपत्रांना मात्र संयम लागतो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. माझ्या शाळेने पदवीचं साक्षांकनही मागितलं: आधी राज्य सरकारचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, शेवटी थाई वकिलातीचं. नॉन-इमिग्रंट बी व्हिसावर जायचं आणि तिथे वर्क परमिट घ्यायचं. शिक्षक परिषदेचा परवानाही लागतो. तो नसेल तर शाळेमार्फत ठरावीक मुदतीची परवानगी घेतात. बी.एड. असेल तर ही वाट थोडी सोपी होते. राहायला लागल्यावर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा.

‘आधी टुरिस्ट म्हणून या, व्हिसा मागून बघू,’ असं मला एका एजंटाने सांगितलं होतं. त्याला मी तिथेच हात जोडले. वर्क परमिटशिवाय शिकवणं बेकायदा आहे, आणि पकडली जाते ती शिक्षिका, एजंट नव्हे. थायलंडमधल्या खोट्या नोकऱ्यांना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याच्या घटनांनंतर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं.

कोराटला रोज सकाळी आठला झेंडावंदन, मग चाळीसेक मुलांचा वर्ग. थाई भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘येस्टरडे आय गो’ हे त्यांना अगदी बरोबर वाटतं. शब्दाच्या शेवटी ‘स’ टिकत नाही; ‘बस’चं ‘बत’ होतं. मला थाई येत नसल्याने अर्थ सांगून सुटका नाही. चित्रं काढते, हातवारे करते, मुलांना जोडीजोडीने बोलायला लावते. इंग्रजी मीही पाचवीपासून धडपडत शिकले, त्यामुळे मूल कुठे अडणार याचा अंदाज मला आधीच येतो.

तरीही पगाराचं बोलायलाच हवं. मला महिन्याला २२ हजार बाट मिळतात. शेजारच्या वर्गावरच्या ब्रिटिश सहकाऱ्याला ३५ हजार, आणि त्याच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही. भांडून हा फरक मिटलेला नाही. खोलीभाडं आणि जेवणखाण जाऊन थोडे घरी पाठवता येतात, पण कर्ज काढून इथे येण्याइतके नाहीत.

यायचं असेल तर वेळ साधा. थाई शाळा मेच्या मध्याला भरतात, शिक्षकांची शोधाशोध फेब्रुवारी-मार्चमध्ये चालते. साक्षांकनाला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, म्हणून पदवीचे कागद दिवाळीनंतर लगेच पुढे पाठवा. वर्ग रिकामा असलेली शाळा ज्याची फाइल पूर्ण आहे त्यालाच आधी बोलावते. तिथे पासपोर्टाचाही विचार थोडा मागे पडतो.