सुतावरून न्यूयॉर्क

लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण नकाशावर पट्टी ठेवून अंतरं मोजली. ते वाचून कॉटन ग्रीनला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. त्यांची लेक न्यूयॉर्कला असते. ‘‘अरे, विमानाला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, असं कसं? वाट तर तीच ना?’’ मग नातवाचा पृथ्वीगोल आणि शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेऊन आम्ही बसलो.

दोऱ्याचं एक टोक काकूंनी मुंबईवर धरलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर. आधी दोरा नकाशावरच्या सरळ रेघेसारखा, अरबस्तान, लिबिया, अटलांटिक असा सैल ठेवला. मग ताणला. ताण बसताच तो आपसूक उत्तरेला सरकला आणि रशिया, स्वीडन, आइसलँडवरून जात ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी पोचला. ‘‘एवढ्या बर्फावरून कशाला?’’ काकूंनी विचारलं.

कारण तीच सर्वांत जवळची वाट. मर्केटर नकाशावर पट्टीने आखलेली रेघ प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, ताणलेल्या दोऱ्याची वाट सुमारे १२,५००. ध्रुवाकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. मुंबईच्या अक्षांशावर पश्चिमेला एक अंश सरकायला १०५ किलोमीटर जावं लागतं, आइसलँडजवळ जेमतेम ४८. सपाट नकाशा नेमकं हेच लपवतो.

आता वेळ. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरू. पण ज्या हवेतून ते जातं, तीच वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे झोत वाहतात. वाटेत सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर वेग ८५० उरतो आणि १२,५०० किलोमीटरला पावणेपंधरा तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असला की वेग ९५० आणि वेळ सव्वातेरा तासांच्या आत. दीड तासाचा फरक वाऱ्यानेच पडला.

शिवाय जवळची वाट मोकळी हवी. आमच्या कॉटन ग्रीनने ज्या कापसाचं नाव घेतलंय, त्या कापसाच्या गाठी एके काळी आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला जात. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. आकाशात उलटंही घडतं. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दोऱ्याची वाट रशियावरूनच जाते, म्हणजे त्यांना वळसा आलाच.

काकूंनी दोरा रिळाला गुंडाळला. ‘‘म्हणजे लेक तेवढीच लांब आहे, पण तिच्याकडे जायला किती वेळ लागेल ते वारा आणि राजकारण ठरवणार.’’ यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात : तिकिटावरच्या दोन वेळा दोन गावांच्या घड्याळांच्या असतात, मग प्रवासाचे खरे तास कसे काढायचे?