पाच जर्सी, एक गहुंजे : माढ्याच्या केदार जाधवची जॉबवर्कवाली गोष्ट



मागच्या जॉबवर्कच्या व्हिडिओनंतर सोलापुरातल्याच एका ताईंनी मला विचारलं, "सर, मी तीन शाळांचे गणवेश शिवते. सहा मशीन आहेत, चार बायका कामाला येतात. पण एकाही शर्टावर माझ्या नावाचं लेबल नाही. मग याला धंदा म्हणायचं की मजुरी?"

तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं. घरी गेल्यावर लक्षात आलं, की ते उत्तर नव्हतं, वेळ मारून नेणं होतं. प्रश्न खरा आहे. आपल्या पूर्वभागात दुसऱ्याचं सूत घेऊन टॉवेल विणून देणारे किती आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या ब्रँडचा माल काढणारे किती आहेत, सांगा बघू. या सगळ्यांच्या मनात हा प्रश्न असतो. लाजेने विचारत नाहीत, एवढंच.

म्हणून आज एका खेळाडूची गोष्ट. खेळ बाजूला ठेवा, त्याचा व्यवसाय बघा.

अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये एक शब्द वापरतात, जर्नीमन. आज या संघात, दोन वर्षांनी त्या संघात, असा फिरत राहणारा व्यावसायिक खेळाडू. मूळ शब्द खेळातला नाहीच, कारागिरांचा आहे. फ्रेंचमधल्या 'दिवसभराचं काम' या अर्थाच्या शब्दावरून तो आला. शिकाऊपणा संपलाय, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून रोजावर दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा तो जर्नीमन. म्हणजे ताई, तुमचा प्रश्न युरोपातल्या कारागिरांनाही पडला असणार.

आपल्याकडचा असा खेळाडू शोधायला लांब जायला नको. केदार जाधवचं कुटुंब मूळचं आपल्या जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातल्या जाधववाडीचं. जन्म पुण्यात, २६ मार्च १९८५. वडील वीज मंडळात क्लार्क, तीन बहिणींच्या पाठचा हा धाकटा. कोथरूडमध्ये वाढला, टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळला, मग महाराष्ट्राच्या संघात आला. क्लार्कच्या घरातला मुलगा, मागे भांडवल नाही. इथपर्यंत आपल्यासारखंच.

आता त्याचे 'मालक' मोजा. २०१० ला आयपीएलमध्ये दिल्ली. पहिल्याच सामन्यात बंगळूरविरुद्ध २९ चेंडूंत ५० धावा. तुम्हाला वाटेल, झालं, आता पार्टी पक्की. पुढच्या वर्षी तो कोचीच्या संघात होता. आणि कोचीचं काय झालं आठवतंय? बँक गॅरंटी भरली नाही म्हणून क्रिकेट मंडळाने सप्टेंबर २०११ मध्ये तो संघच रद्द केला. एका हंगामात दुकान बंद! २०१२ च्या आयपीएलमध्ये केदारच्या नावावर एकही सामना नाही. त्यानंतर पुन्हा दिल्ली, २०१६ ला बंगळूर, २०१८ ला चेन्नई, २०२१ ला हैदराबाद, २०२३ ला परत बंगळूर. पाच जर्सी, सहा वेळा ठिकाण बदललं.

जॉबवर्क करणाऱ्याला यातलं काहीच नवीन नाही. पार्टी बदलते, पार्टी बुडते, जुनी पार्टी चार वर्षांनी पुन्हा फोन करते. माणूस त्यात टिकतो कसा, हे बघायचं.

२०१२ चं तेच वर्ष घ्या. आयपीएलचं काम नाही. त्याच वर्षी रणजी हंगामात पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर केदारने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा काढल्या. रणजीला आयपीएलसारखा पैसा नाही, रात्रीचे दिवे नाहीत, टीव्हीवर फारसं कोणी बघत नाही. पण तिथे त्याचं काम मोजलं जात होतं आणि नोंदलं जात होतं. पुढच्या हंगामात, २०१३-१४ ला, त्याने रणजीत सहा शतकांसह १,२२३ धावा केल्या, देशात सगळ्यात जास्त. महाराष्ट्र १९९२-९३ नंतर पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. तिथे कर्नाटकाने हरवलं, तो भाग वेगळा. नोव्हेंबर २०१४ मध्ये रांचीला भारताच्या एकदिवसीय संघात त्याला जागा मिळाली, वयाच्या २९ व्या वर्षी. क्रिकेटमध्ये २९ म्हणजे लोक विचारायला लागतात, "अजून किती दिवस?"

आणि याच गहुंजेला १५ जानेवारी २०१७ रोजी इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग होता. भारत ४ बाद ६३. समोर विराट कोहली. केदारने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या, दोघांनी मिळून २०० ची भागी केली आणि सामना जिंकला. त्या मालिकेचा मालिकावीर केदार. सगळ्यांना वाटलं हा अचानक कुठून आला. अहो, अचानक कुठला? त्या मैदानाचा प्रत्येक कोपरा त्याला पाठ होता.

ताई, तुमचं गहुंजे कुठलं? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, शेवटी त्याच्याकडे येतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. केदार फलंदाज. अधूनमधून यष्टीरक्षणही करायचा. गोलंदाज म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशाळेला न्यूझीलंडविरुद्ध धोनीने त्याच्या हातात चेंडू दिला. ३ षटकं, ६ धावा, २ बळी, तेही लागोपाठच्या दोन चेंडूंवर! उंची कमी, त्यात हात जवळजवळ आडवा करून, खाली वाकून टाकलेला चेंडू. तो उसळतच नाही. फलंदाजाला बॅट खाली घालून उचलायला जागा मिळत नाही. शाळेतल्या कुठल्याही प्रशिक्षकाने "हे असं नाही टाकायचं बाळा" म्हटलं असतं. पण भारतीय संघाला नेमकं हेच हवं होतं. मधल्या षटकांत पाच-सहा षटकं टाकेल, जमलेली जोडी फोडेल आणि वर फलंदाजीही करेल, असा माणूस. २०१८ च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध २३ धावांत ३ बळी. अंतिम सामन्यात बांगलादेशची सलामीची जोडी १२० पर्यंत पोचली होती, ती यानेच फोडली. एकदिवसीय कारकिर्दीत एकूण ७३ सामने, १,३८९ धावा, सरासरी ४२ च्या वर आणि २७ बळी.

गंमत म्हणजे नेटमध्ये तो फारशी गोलंदाजी करायचा नाही. जास्त सराव करून 'खरा गोलंदाज' व्हायला गेलो तर जे आहे तेही जाईल, असं त्याचं म्हणणं असायचं. मला हे पटतं. आपल्यातले कितीजण जोडधंदा सुरू करतात आणि सहा महिन्यांत मूळ धंद्याचंच कंबरडं मोडतात! जोडीचं काम पार्टीच्या गरजेएवढंच करायचं असतं.

आता भाव. इथे जरा थांबा, कारण सगळे इथेच चुकतात.

२०१८ च्या लिलावात चेन्नईने केदारला ७ कोटी ८० लाखांना घेतलं. ७ एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध पहिला सामना. फलंदाजी करताना मांडीचा स्नायू दुखावला, बाहेर गेला. नऊ गडी बाद झाल्यावर लंगडत परत आला. शेवटच्या षटकात ७ धावा हव्या होत्या. पहिले तीन चेंडू कोरे, मग एक षटकार, एक चौकार, सामना खिशात. आणि मग दुखापतीमुळे सगळा हंगाम बाहेर. एवढ्या रकमेत एक सामना! त्याच वर्षी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यातही तसंच झालं. स्नायू धरला, बाहेर गेला, परत आला, शेवटच्या चेंडूवर विजयाची धाव. टीव्हीवर बघायला भारी वाटतं. पण मी धंद्याच्या नजरेने बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. कारण त्याच्याकडे एकच मशीन होतं, त्याचं शरीर, आणि ते वारंवार बंद पडत होतं. तुमच्या युनिटमध्ये एकाच ओव्हरलॉकवर सगळा माल अडत असेल, तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय.

२०२० चा हंगाम वाईट गेला, लोकांनी नको नको ते बोलून घेतलं. चेन्नईने सोडलं. २०२१ ला हैदराबादने २ कोटींना घेतलं. २०२२ ला कोणीच नाही. तीन-चार वर्षांत ७ कोटी ८० लाखांवरून शून्य. कसब का एवढं कमी झालं होतं? वय झालं, दुखापती झाल्या, हे खरं. पण भाव समोरच्याच्या गरजेवर ठरतो. तुमचा शर्ट तोच असतो. मे महिन्यात त्याला वेगळा भाव असतो आणि ऑगस्टमध्ये वेगळा.

भावावरून एक बास्केटबॉलची गोष्ट सांगायचीच आहे. जो स्मिथ नावाचा फॉरवर्ड. १९९५ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यात पहिला निवडला गेला आणि १६ हंगामांत १२ संघांकडून खेळला. १९९९ मध्ये मिनेसोटाच्या संघाने त्याला काय सांगितलं? सध्या कमी पैशांत एकेक वर्षाचा करार कर, नंतर तुला मोठा करार देऊ. आकडा होता ८ कोटी ६० लाख डॉलरपर्यंतचा. हे गुपचूप कागदावर लिहिलेलं, कारण लीगच्या नियमात ते बसत नव्हतं. पुढे एजंट लोकांच्या आपसातल्या कोर्टकज्ज्यात तो कागद बाहेर आला. २००० मध्ये लीगने त्याचे करार रद्द केले, संघाला ३५ लाख डॉलर दंड केला, शिवाय नवे खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीतले हक्क काढून घेतले. स्मिथला दुसऱ्या शहरात दुसरा संघ बघावा लागला.

"आत्ता कमी रेटला करा, पुढची मोठी ऑर्डर तुमचीच." ऐकलंय ना हे वाक्य?

मीही ऐकलंय. २०१४ चा मे महिना. तेव्हा माझंच छोटं शिलाई युनिट होतं. एका व्यापाऱ्याने १,४०० शर्टांची शिलाई दिली. माझा खर्च शर्टामागे ५८ रुपये येत होता, मी ५० ला घेतली. पुढच्या वर्षी ६,००० पीस देतो म्हणाला होता. म्हणजे ११,२०० रुपये मी खिशातून घातले, वर बायकांना ओव्हरटाइम. पुढच्या मे महिन्यात फोन केला, तर त्याला ४८ वाला कोणीतरी सापडला होता. त्याची चूक नाही हो, माझी. कागदावर एक ओळ नव्हती. आणि मी ज्यासाठी तोटा सोसला ती ऑर्डर त्याच्याकडे तरी होती का, हे विचारायचंही सुचलं नाही.

असो. केदारकडे परत.

२०२३ चा जानेवारी. आयपीएलमध्ये कोणी विचारत नाही, वय ३७. गहुंजेलाच आसामविरुद्ध रणजी सामना. २८३ चेंडूंत २८३ धावा. तरी आयपीएल सुरू झालं तेव्हा तो मैदानात नव्हता, जिओसिनेमावर मराठी समालोचन करत होता. मराठी समालोचन! जे येतं ते काम घेतलं. १ मे रोजी बंगळूरचा एक खेळाडू जखमी झाला आणि त्याच्या जागी केदारला बोलावणं आलं, १ कोटीला. माईक ठेवला आणि पॅड बांधले. फार काही मोठं घडलं नाही त्या हंगामात, ते मान्य. जून २०२४ मध्ये त्याने खेळातून निवृत्ती घेतली, सोशल मीडियावर एक पोस्ट टाकून.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लेबल नाही म्हणून ती मजुरी ठरत नाही. केदारच्या छातीवरही कायम दुसऱ्याचंच नाव होतं. मजुरी कधी होते, तर तुमचा रेट समोरचा ठरवतो आणि तुमचा खर्च तुम्हालाच माहीत नसतो तेव्हा. तुम्ही मला तीन शाळांचा रेट लगेच सांगितलात. एका शर्टाला दोरा, बटण, वीज, बायकांची मजुरी, मशीनची दुरुस्ती धरून किती खर्च येतो, हे विचारल्यावर मात्र "अंदाजे" म्हणालात. तिथे मला भीती वाटली.

आता वहीतला तो प्रश्न. गणवेशाचा हंगाम एप्रिल ते जून. जुलै ते मार्च तुमची सहा मशीन काय करतात? त्या नऊ महिन्यांत एखादं काम असं हवं, जे तुमच्या गल्लीतली, तुमच्या पेठेतली माणसं तुमच्या नावाने ओळखतील, मग ते ब्लाउज असो नाहीतर दवाखान्याचे ॲप्रन. पैसे कमी मिळाले तरी चालतील. आणि शाळेचा खिशावरचा लोगो सध्या भरतकामाला दुसरीकडे जातो ना? तो कोण करतो, पीसमागे किती घेतो, माल किती दिवस अडकतो, एवढं त्या व्यापाऱ्याकडून सहज बोलता बोलता काढून घ्या. मशीन घ्यायची घाई करू नका, आधी नुसतं विचारा.

दोन्ही उत्तरं मला पाठवा. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच शर्टाचा खर्च फळ्यावर मांडू या, दोऱ्यापासून. नाव सांगणार नाही.