जनरेटर घेताय? आधी विहिरीच्या पंपाचा हिशोब करा, आणि मशीन पडवीत ठेवू नका

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे गेले. तेव्हापासून किनाऱ्यावर अनेकांच्या डोक्यात जनरेटर आहे. पावसाळा तोंडावर आला की चौकशी सुरू होते, 'केवढ्याचा घेऊ?'

उत्तर पंपावर आहे. चार एलईडी दिवे, दोन पंखे, टीव्ही आणि मोबाईल मिळून तीनशे वॅटच्या आसपास लागतात. एवढ्याला एक केव्हीएचं मशीन पुरतं. फ्रिज धरला तर दोन केव्हीए घ्या. पण विहिरीवर एक एचपीचा पंप असेल तर हिशोब बदलतो. चालू असताना तो हजार-अकराशे वॅट घेतो, मात्र सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. तिथे लहान मशीन धाप टाकून बंद पडतं. तीन केव्हीएच्या खाली जाऊ नका. पंप सुरू करताना फ्रिज बंद ठेवा. आणि पंप थ्री फेज असेल तर सिंगल फेज जनरेटरवर तो चालणारच नाही, हे पैसे देण्याआधी तपासा. दुकानदार केव्हीए सांगतो, त्याला ०.८ ने गुणलं की साधारण किलोवॅट मिळतात.

आता जीवाचं. पाऊस लागतो म्हणून बरेच जण मशीन पडवीत किंवा पाठीमागच्या खोलीत ठेवतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. मशीन घरापासून निदान वीस फूट लांब, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या, धुराचं तोंड घराच्या उलट बाजूला. कोणाला गरगरलं तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना गाठा.

दुसरी खोड म्हणजे दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घरात वीज घ्यायची. मेन स्विच चालू राहिला तर तुमची वीज उलटी डीपीत जाते आणि पलीकडच्या लाईनवर ११ हजार व्होल्टपर्यंत चढते. तुमचीच लाईट जोडायला खांबावर चढलेला वायरमन बंद समजून त्या तारेला हात लावतो. त्यापेक्षा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. अर्थिंगही त्याच वेळी.

रात्रभर मशीन चालवायची गरज नसते. तीन केव्हीएचं मशीन तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितं, आणि वादळानंतर पेट्रोल पंपावरही रांगा असतात. सकाळी तासभर चालवा, टाकी भरा, मोबाईल लावा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरीही लावा, पण ती तासाभरात भरत नाही, तेवढा जास्त वेळ धरा. रात्री दिवे-पंखे इन्व्हर्टरवर. पेट्रोल भरताना मशीन बंद करून गार होऊ द्या, कॅन चुलीपासून लांब.

एरवी महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. बंद ठेवायचंच असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. नाहीतर ऐन गरजेला दोरी ओढून ओढून खांदा दुखेल, मशीन काही सुरू व्हायचं नाही.