शांत जनित्र कसे निवडावे?

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर आपल्या धामणगाव रेल्वेहून फार दूर नाही. तेथून दरवर्षी आषाढी वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. वऱ्हाडातून निघणाऱ्या अशा दिंड्यांचा प्रवास कित्येक आठवड्यांचा असतो. बरोबर सामानाचा ट्रक आणि मुक्काम कधी शाळेत, कधी उघड्या पटांगणात. जेथे वीज मिळत नाही तेथे जनित्र, म्हणजेच आपला जनरेटर, लावावा लागतो. आणि दिवसभर चाललेल्या माणसांच्या उशाशी ते रात्रभर धडधडत राहते. परदेशात मोटारीमागे चाकांचे घर जोडून रानात मुक्काम करणाऱ्यांनाही नेमका हाच प्रश्न पडतो.

समजा, तुमच्या गावच्या दिंडीसाठी शांत जनित्र निवडण्याचे काम तुमच्यावर आले. तर कोठून सुरुवात कराल? दुकानापासून नव्हे, वहीपासून करा. ९ वॅटचे १० दिवे म्हणजे ९० वॅट. ७५ वॅटचे ४ पंखे, ३०० वॅट. २० मोबाइल एकदम भारित करायचे तर सुमारे २०० वॅट, आणि भजनाचा ध्वनिवर्धक १५० वॅट धरू. बेरीज ७४० वॅट झाली. म्हणजे सतत १,००० वॅट देणारे जनित्र पुरते. येथे ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जाहिरातीत ठळक छापलेला आकडा पुष्कळदा ‘कमाल’ असतो आणि तो थोडा वेळच मिळतो.

आता कोणीतरी म्हणेल, पाण्याचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंपही यावरच चालवू. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह ओढते. त्या एका क्षणासाठी ३,००० वॅटचे यंत्र घ्यावे लागेल आणि मग तेच अवजड यंत्र रात्रभर चार पंख्यांसाठी चालेल. माझे मत विचाराल तर पंपाचे काम दिवसा गावातल्या विजेवर उरकावे.

लहान भारावरही साधे जनित्र ओरडत का राहते, हे समजण्यासारखे आहे. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे. दोन ध्रुवांच्या जनित्रातून ती मिळण्यासाठी इंजिनाने सेकंदाला ५०, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे घेतलेच पाहिजेत. मग एक दिवा लागलेला असो की दहा. चार टप्प्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला २५ स्फोट! त्यात पंख्याचा आणि पत्र्याच्या थरथरीचा आवाज मिसळतो.

इन्व्हर्टर पद्धतीच्या जनित्रात ही सक्ती राहत नाही. तेथे प्रत्यावर्ती प्रवाह आधी एकदिश केला जातो आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडल त्यापासून ५० हर्ट्‌झचा प्रत्यावर्ती प्रवाह पुन्हा तयार करते. इंजिनाच्या वेगाचा कंप्रतेशी संबंध तुटला, म्हणून भार कमी झाला की इंजिनही मंद होते. किंमत अधिक पडते, पण पेट्रोल वाचते आणि आवाज उतरतो.

मात्र डेसिबलचे आकडे वाचताना सावध राहा. एका यंत्रावर ‘८६’ लिहिले आहे आणि दुसऱ्याच्या पत्रकात ‘७ मीटरवर ६१’. दुसरे फारच शांत, होय ना? हिशेब करून पाहू. पहिला आकडा यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीचा आहे. पेट्रोल व केरोसीनवरील जनित्रांसाठी भारतात २००३ पासून असलेली ८६ डेसिबलची मर्यादा याच प्रकारची आहे. ७ मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ २πr² प्रमाणे सुमारे ३०८ चौरस मीटर येते. तेवढ्यावर ही शक्ती पसरली की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला सुमारे तीनशेवा भाग येतो. डेसिबलचे माप लॉगॅरिथमचे असल्याने तीनशेवा भाग म्हणजे २५ डेसिबल वजा. ८६ मधून २५ गेले, ६१ उरले. दोन्ही यंत्रे सारखीच! म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : हा आकडा किती अंतरावरचा आणि किती भारावरचा? पुष्कळदा तो पाव भारावरचा असतो.

याच हिशेबातून एक स्वस्त उपाय निघतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने घटतो. ५ मीटरवरचे जनित्र ४० मीटरवर नेले, तर तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलची घट. ५ मीटरवर ६४ असलेला आवाज ४६ वर येतो. निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपण तिच्या जवळ पोहोचलो. इतक्या लांब तारेत वीज वाया जाईल का? १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध सुमारे ०.९ ओहम. ७४० वॅटसाठी प्रवाह ३.२ अँपिअर. दाब पडतो तो जेमतेम ३ व्होल्ट. २३० मध्ये ३ गेले तर काय बिघडले? तार मात्र पावसाळ्याला साजेशी, अखंड आवरणाची हवी आणि जनित्र भिंतीजवळ नको, कारण भिंत आवाज परतवते.

आवाज दाबण्यासाठी जनित्रावर ताडपत्री टाकणे किंवा ते ट्रकच्या हौद्यात ठेवणे कधीही करू नका. पाऊस आला म्हणून ते राहुटीत घेणे तर त्याहून वाईट. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. शांत यंत्र या बाबतीत अधिक फसवे, कारण ते जवळ ठेवले तरी कोणी तक्रार करत नाही. वर उघडे छप्पर, चारही बाजू मोकळ्या आणि धूर माणसांपासून दूर वाहील अशी वाऱ्याची दिशा पाहूनच ते मांडावे.

रात्री दहानंतर मात्र जनित्र बंदच ठेवता येईल का, तेही पाहा. ७५ ऐवजी ३० वॅटचे, ब्रशविरहित मोटरचे चार पंखे सहा तास चालले तर ७२० वॅट-तास लागतात; दोन दिव्यांचे १०८ मिळवा. सुमारे ८३० वॅट-तास झाले. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम घटमालेत १,२८० वॅट-तास मावतात. आषाढातल्या ढगाळ हवेत सौर पत्र्यांवर विसंबता येत नाही, पण संध्याकाळी स्वयंपाक आणि भजन चालू असताना तेच १,००० वॅटचे जनित्र चार तासांत ही घटमाला रात्रीपुरती भारित करू शकते. वर मांडलेल्या भारात नवे पंखे धरून आणि घटमालेसाठी २५० वॅट मिळवून बेरीज किती येते, ती तुम्हीच करून पाहा.