दर आठ सेकंदांनी एक डबा

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी आपल्या कंपनीच्या पुणे-मुंबई हायपरलूपची घोषणा केली. प्रवास पंचवीस मिनिटांचा! तेव्हा द्रुतगती मार्गावर अमृतांजन पुलाखाली अडकून पडणाऱ्या माणसाला याहून काय हवं होतं? पुढच्याच वर्षी राज्य सरकारने या सत्तर हजार कोटींच्या प्रकल्पाला मान्यताही दिली. वांद्रे-कुर्ला संकुल ते वाकड, ११७.५ किलोमीटर. २०२३च्या अखेरीस कंपनीनेच गाशा गुंडाळला.

तंत्र कच्चं होतं, असं म्हणून विषय मिटवता येतो. पण ते पुरतं खरं नाही. हायपरलूपचा डबा बंद नळीतून धावतो. नळीतली बहुतेक हवा उपसली की हवेचा विरोध फारसा राहत नाही आणि चुंबकांनी डबा अधांतरी उचलला की चाकांचं घर्षण संपतं. यात भौतिकशास्त्राला वावडं असं काहीच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटरच्या नळीतून माणसं ताशी १७२ किलोमीटर वेगाने गेली. त्यांत मूळचा पुण्याचा एक अभियंताही होता.

अडचणी लांबीबरोबर वाढतात. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पोलादी नळीच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर एवढ्या लांबीत ती एकूण बेचाळीस मीटर लांब-आखूड होते. रुळाच्या सांध्यात फट ठेवली तर बिघडत नाही. इथे मात्र सांधा सरकता हवा आणि हवाबंदही, तोही बाहेरून चौरस मीटरला दहा टनांचा दाब असताना. काम खर्चिक, पण पैसा ओतला तर जमण्यासारखं.

खरी गोम प्रवाशांच्या आकड्यात आहे. कंपनी सांगत होती, वर्षाला १५ कोटी फेऱ्या. आकडा फुगवलेला वाटतो, पण त्याच्याशिवाय गाडं पुढे सरकतच नव्हतं. सत्तर हजार कोटींवर आठ टक्के दराने नुसतं व्याजच वर्षाला ५,६०० कोटी. पंधरा कोटींत वाटलं तर माणशी पावणेचारशे रुपये, परवडेल. एक कोटीच प्रवासी मिळाले तर व्याजापोटीच साडेपाच हजारांवर तिकीट, हवा उपसण्याची वीज वेगळी.

मग हे पंधरा कोटी बसवायचे कसे? रोजचे सुमारे ४ लाख १० हजार. दिवसाला सोळा तास सेवा आणि दोन दिशा धरल्या, तर एका दिशेला तासाला तेरा हजारांच्या आसपास. डब्यात माणसं २८. म्हणजे दर आठ सेकंदांनी एक डबा सुटायला हवा.

ताशी ५०० किलोमीटर वेग धरला, तर आठ सेकंदांत डबा अकराशे मीटर जातो. समजा, पुढचा डबा नळीत जागीच अडकला. मागच्याने, पट्टा न बांधता बसलेल्या प्रवाशाला जेमतेम सोसेल इतका कचकचून ब्रेक मारला, तरी थांबेपर्यंत तो दोन किलोमीटर पुढे गेलेला असतो. रेल्वेत मागच्या गाडीला अंतर देताना पुढची जागीच थांबली असं धरून चालतात. यावर कंपनीचं उत्तर होतं की डबे ताफ्याने, एकमेकांशी इलेक्ट्रॉनिक संधान ठेवून धावतील. नेवाडात माणसं बसली तो डबा दोन आसनांचा होता आणि नळीत तो एकटाच होता.

डब्यांमधलं अंतर वाढवलं की तिकीट महागतं आणि तिकीट उतरवलं की अंतर पुरत नाही. ‘जमेल का’ हे अभियंत्याला आणि ‘परवडेल का’ हे अर्थखात्याला विचारायची आपली रीत इथे उपयोगाची नाही.

शिवाय वेगाचं काय? ११७.५ किलोमीटर पंचवीस मिनिटांत म्हणजे सरासरी ताशी २८२. जपानची शिंकान्सेन साध्या चाकांवर, मोकळ्या हवेत ताशी ३२० धावते. हायपरलूपचं ताशी हजार किलोमीटरचं स्वप्न या अंतरात मावणारच नव्हतं. ताशी ५०० ला वळणाची त्रिज्या निदान चार किलोमीटर हवी. बोरघाटात एवढी ऐसपैस वळणं कुठून आणणार? म्हणजे पुन्हा बोगदेच.

जानेवारी २०२० मध्ये, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी भूमिका घेतली की हे आधी जगात कुठेतरी दहा किलोमीटर धावून दाखवावं. गंमत म्हणजे मूळ योजनेचा पहिला टप्पा पुण्याजवळच्या ११.८ किलोमीटरच्या चाचणी मार्गाचाच होता, खर्च पाच हजार कोटी. सरकारी तिजोरीला हात न लावता तो झाला असता, तर माझी हरकत नव्हती. फक्त चाचणीला एक डबा नको, आठ सेकंदांच्या अंतराने सुटणारे निदान दहा हवेत, आणि मधला एक मुद्दाम अडकवून दाखवायला हवा.